नडी

डॉक्टर कुलगोडांनी कागदावर तीन गोळ्या लिहिल्या,
चौथं औषध तोंडानं सांगितलं :
नडीरी अक्का, नडीरी.
मी म्हटलं, नडतंय म्हणूनच तर आले.
कंपाउंडर हसला तेव्हा कळलं,
त्यांच्या भाषेत नडी म्हणजे चाल.
माझ्या भाषेत नडणं म्हणजे अडणं.
एकाच शब्दाच्या अलीकडं माझे गुडघे,
पलीकडं त्यांचा उपाय.

चाळीस वर्षं शहापुरात ब्लाउज शिवले.
पायमशीन होतं तेव्हा
बसल्या जागी किती कोस चालले असेन,
कुणी मोजलं नाही.
बाहीला एक, गळ्याला अर्धा,
हुक लावताना विसावा.
मग दिगंबरनं मोटर बसवली.
आई, आता पाय दुखायचे नाहीत बघ.
खरंच नाही दुखले.
दुखायलासुद्धा पाय वापरावे लागतात.
पंजानं खटका दाबला की सुई पळायची,
मी तिथंच.
सात वर्षांत सुई पार कारवारला जाऊन आली असेल,
आणि मला जिन्याच्या तिसऱ्या पायरीला
कठडा.

सगळ्या पेठेची मापं माझ्या वहीत,
माझं तेवढं नव्हतं.
दार लावून टेप फिरवली कमरेभोवती.
चाळीसच्या वरचा आकडा
मी गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगते.
स्वतःला सांगितलाच नाही.

पहिल्या दिवशी गोवावेसपर्यंत.
हातात रिकामी पिशवी,
कारण नुसतंच चालायला निघालेली बाई
गल्लीला भांडून निघाल्यासारखी वाटते.
परत येताना पिशवीत दोन लिंबं.
महिनाभर घरात लिंबंच लिंबं.
सून म्हणाली, अत्ती, लोणचं किती घालायचं?
तेव्हा पिशवी खुंटीला टांगली
आणि समोरच्या गौरव्वाला हाक मारली.

गौरव्वा अंगडी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी,
सहा पावलं पुढं.
पायात सुनेनं टाकलेले बूट, वर इरकल,
तोंडानं पावलं मोजणार :
वंद, यरड, मूर, नाक.
नाक म्हटलं की मी नाकाला बोट लावते,
ती दंडावर चापट मारते.
सात म्हणजे येळ.
हे मात्र मला पटलं.
येळ लागतोच.

दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलेलं.
मालगाडी लोंढ्याकडं, संपता संपेना.
स्कूटरवाल्यांनी इंजिनं बंद केली.
गौरव्वा कुठली थांबते,
पदर खोचून जागच्या जागी पाय उचलायला लागली.
धुक्यात कॉलेजची पोरं फिदीफिदी.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं,
आणि मग बघते तर
माझेही पाय वरखाली,
टाच, चवडा, टाच, चवडा,
जुनी लय,
नुसतं कापड तेवढं नाही.

साखर फार उतरली म्हणाल तर नाही.
दोनशे दहाची एकशे अठ्ठ्याऐंशी.
कुलगोडांनी मान हलवली, होय की नाही कळेना.
कुंदा बंद आहे, म्हणजे
दिवाळीला चमचाभर खाल्ला,
त्या दिवशी तिसऱ्या गेटपर्यंत जाऊन आले.
गुडघा अजून बोलतो,
पण आता ओरडत नाही.

मोटरचा पट्टा परवा उतरवला.
कातड्याचा जुना पट्टा कोरडा पडलेला,
खोबरेल लावून चढवला.
दिगंबर बघत होता, काही बोलला नाही.
सणासुदीला हाताबुडी काम आलं की
परत मोटर लावीन,
हट्ट नाही माझा.

आज दुपारी जोशीणबाईंचा परकर घेऊन वर गेले.
माडीवर पोचल्यावर लक्षात आलं,
तिसरी पायरी कधी गेली ते कळलंच नाही.
म्हणून पुन्हा खाली उतरले,
ती नीट बघायला.